दहापैकी किती?

यंदा थंडी नोव्हेंबर संपता संपता आली. बुलडाण्यात ती येते तेव्हा कोणाला विचारत नाही. संध्याकाळी खिडकी उघडी टाकून माणूस पोळ्या करायला उभा राहतो आणि तवा खाली उतरेपर्यंत पायाखालची फरशी गार पडलेली असते. मी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून हातमोजे काढले. राखाडी, बोटं उघडी राहणारे, उजव्या तळव्यावर साखळीच्या तेलाचा डाग. ते नाकाशी धरले. डांबरगोळ्यांचा वास आला. आणखी काही वाटेल म्हणून मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो. काही वाटलं नाही, तेव्हा मोजे सायकलच्या हँडलला अडकवले आणि चहा ठेवला.

काही न वाटण्याचा मला चांगला सराव झालेला आहे. मागचा अख्खा हिवाळा मी असाच घालवला. त्या हिवाळ्यात काय काय घडलं ते मला तारीखवार सांगता येईल, कारण ते एका वहीत लिहिलेलं आहे. पण ते घडताना कसं वाटत होतं, असं कोणी विचारलं तर मी त्याला बाहेर कोहळ्याच्या वेलीवर पडलेलं दव सांगू शकेन, राजूर घाटात सकाळी माकडं कठड्यावर कशी पाठ शेकत बसतात ते सांगू शकेन. माझं स्वतःचं मात्र मला सांगता येणार नाही.

मी गणिताचा मास्तर. पन्नाशी उलटलेला गणिताचा मास्तर बारीक चाकांची सायकल का चालवतो, हा आमच्या शिक्षकांच्या खोलीतला कायमचा विषय आहे. एकानं तर माझ्या घट्ट चड्डीवरून जे नाव ठेवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. आमच्याकडे दर हिवाळ्यात हौशी लोकांची एक शर्यत होते. मोताळ्याहून निघायचं, राजूरला घाटाला लागायचं आणि वर बुलडाण्यात संपवायचं. तरुण पोरं बक्षिसासाठी येतात आणि माझ्यासारखे चार-सहा जण आपण अजून आहोत हे बघायला येतात. मी पहिल्यांदा भाग घेतला तेव्हा देवीच्या मंदिराच्या पुढच्या वळणावर खाली उतरलो आणि दोन वळणं सायकल हातात धरून चाललो. वरच्या शेवटच्या वळणावर माझी बायको, रत्नमाला, चहाचा थर्मास घेऊन उभी होती. तिनं मला पायी येताना पाहिलं.

"उतरले काऊन?" तिनं विचारलं.

"दम संपला."

"मंग पुढच्या वर्षी उतरू नका. मी इथंच उभी राहीन."

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात ती गेली. म्हणजे मागच्या हिवाळ्यात शर्यतीला मला जे करायचं होतं ते एवढंच होतं: त्या वळणापर्यंत पाय जमिनीला न लावता पोचायचं. नंबर यावा, वेळ कमी व्हावी, असलं काही मनात नव्हतं. एक सांगितलेलं काम राहून गेलं होतं आणि ते करायचं होतं.

ते मला एकट्याला जमलं नसतं. अश्विनी आली म्हणून जमलं.

अश्विनी माझी जुनी विद्यार्थिनी. मी नांदुऱ्याला शिकवायला होतो तेव्हा ती दहावीत होती. तिच्या घरची भाजीची शेती, वांगी आणि मिरची. पहाटे तोडा करून ती सायकलवर शाळेत यायची आणि माझ्या तासाला मागच्या बाकावर डोळे उघडे ठेवून झोपायची. गणितात कच्ची होती. पुढं विद्यापीठाकडून सायकलच्या शर्यतींत उतरली, गुडघा दुखावला, परत आली आणि बुलडाण्यात खोली घेऊन लोकांना सायकल शिकवते म्हणू लागली. लोकांना वाटायचं, सायकल काय शिकायची असते? तिच्या वडिलांनी उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली होती. तोवर कोणी शिकायला आलं तर ठीक, नाही तर वावरात परत.

रत्नमाला गेल्यावर लोक भेटायला येऊन बसत होते, त्यांत ती एक दिवस आली. बुद्धमूर्तीशेजारच्या फोटोला नमस्कार केला, खुर्चीच्या कडेवर बसली. मग तिची नजर कोपऱ्यात गेली. सायकलवर मी जुना पडदा टाकून ठेवला होता.

"सर, हे काऊन झाकून ठेवली?"

मी तिला शर्यतीचं सांगितलं. थर्मासचंही सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग उठली, पडदा काढला, दोन्ही चाकं अंगठ्यानं दाबून पाहिली.

"उद्या सहा वाजता पटांगनावर येजा," ती म्हणाली. मास्तरला हुकूम सोडताना तिचा आवाज जरा चिरकला, पण तिनं हुकूम मागं घेतला नाही.

पहिल्या दिवशी तिनं मला काहीच शिकवलं नाही. नुसतं पटांगणाभोवती फिरायला लावलं आणि हाताची घडी घालून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी सीट दोन बोटं वर केली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सर, तुमी हँडल असं धरून राह्यले का थे पळूनच जाईन. सोडा जरा. ढिले हात ठेवा." माझी बोटं दर वेळी बधिर व्हायची, ते मी थंडीवर ढकलत होतो. तिनं सांगितलं की मी सगळं अंग तळव्यांवर टाकून बसतो. पोटातून बसा, म्हणाली. पन्नास वर्षांत मला कोणी कसं बसावं ते सांगितलं नव्हतं.

चढावर मी सुरुवातीलाच जोर लावून मोकळा व्हायचो. तिनं त्यावर जो उपाय काढला तो फक्त माझ्यासाठीच निघाला असता. "तुमाले पाढे येते ना? मंग तेराचा म्हना. एका पायडलले एक आकडा. पाढा तुटला का समजा जास्त जोर होऊन राह्यला." मी राजूरच्या घाटात तेर एके तेर करत चढू लागलो. मागून येणारा एक दूधवाला मोटरसायकल हळू करून माझ्याकडे बघत गेला. तेराचा सोपा झाल्यावर घेतलेला एकोणतीसचा पाढा मला तिसऱ्या वळणानंतर कधीच पुरा करता आला नाही, हे मी तिला सांगितल्यावर तिला फार आनंद झाला. वर्गात ती तेराच्या पाढ्याला अडकायची.

आणि वही. तिनं मला दोनशे पानी वही आणायला लावली. तारीख, किती अंतर, घाटाला किती वेळ, आणि शेवटचा रकाना: दहापैकी किती. घड्याळं-पट्टे लावून छातीचे ठोके मोजायची यंत्रं असतात, ती मला नको होती. दवाखान्यात मी तसली यंत्रं पुष्कळ पाहिली होती. ती म्हणाली, चालते, मंग तुमीच सांगजा, सराव झाला का दहापैकी किती. किती काय, असं मी विचारलं नाही. आयुष्यभर मी दहापैकी देत आलो आहे. मला काय विचारायचं होतं?

डिसेंबरात सहामाहीचे गठ्ठे घरी आले. पेपर तपासायचा मोसम आमच्या घरात दोघांचा असायचा. मी तपासायचो आणि रत्नमाला समोर बसून पहिल्या पानावर गुणांची बेरीज करायची. बावीस वर्षं तिनं ते केलं. तिची बेरीज माझ्यापेक्षा चोख. शिकलेली ती नववीपर्यंत, पण कोणत्या पोराला दहापैकी किती पडले हे ती आठवडाभर लक्षात ठेवायची. एखाद्या प्रश्नाला दोन दिसले की पेपर माझ्यापुढं सरकवायची.

"याले दोनच? पाहा ना परत. बिचाऱ्याच्या घरी काई झालं असन."

मी कधी अर्धा वाढवायचो, कधी नाही. मागच्या डिसेंबरात बेरीज मी एकट्यानं केली आणि ती तीन ठिकाणी चुकली. मुख्याध्यापक काही बोलले नाहीत. लोक त्या वर्षी मला काहीच बोलत नव्हते.

त्या हिवाळ्यात मी सायकलवर असताना दवाखाना आठवायचो नाही, आणि सायकलवरून उतरलो की आठवायचो. अकोल्याला नेलं होतं तिला, पोटाच्या दुखण्यासाठी. पलंगाच्या पायथ्याशी एक कागद अडकवलेला असायचा. पहिल्या दिवशी मी औषधाच्या रांगेत असताना सिस्टर येऊन तिला त्या कागदाचं सगळं समजावून गेली. त्यानंतर रोज सकाळी माझ्यादेखत विचारायची, "मावशी, दहापैकी किती?" रत्नमाला आकडा सांगायची, सिस्टर तो कागदावर मांडायची. सात. मग पाच. मग चार, तीन. मी व्हरांड्यात जाऊन वरवट बकालला तिच्या भावाला फोन करायचो, दुखणं उतरतंय म्हणून सांगायचो. ती कमी बोलत होती, भिंतीकडे तोंड करून पडत होती, पण आकडा उतरत होता आणि माझा आकड्यांवर विश्वास आहे. शेवटच्या सकाळी ती म्हणाली, "दोन." सिस्टरनं दोन लिहिलं. दोन म्हटल्यावर दुखणं थांबवायची सुई देण्याचा प्रश्नच नव्हता. मी खाली जाऊन कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो. वरणभात, वांग्याची भाजी, वर ताक.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. मी डॉक्टरांना विचारलं, कालच तर दोनवर आलं होतं. ते म्हणाले, आजारच तसा होता, आम्ही आमच्याकडून सगळं केलं. ते खरंही असेल. माणसं चांगली होती. पण दोनवरून माणूस कसा जातो, हे गणित मला सुटलं नाही. रडू आलं नाही, राग आला नाही. न सुटलेलं गणित डोक्यात असलं की माणूस बाकी काही करू शकत नाही, तसं काहीसं झालं होतं.

जानेवारी वाईट गेला. दव इतकं पडायचं की चष्मा पुसायला थांबावं लागे आणि अश्विनीला थांबणं पसंत नव्हतं. काही दिवस पाय वळायचेच नाहीत. अशा दिवशी मी वहीत तीन लिहायचो. एकदा अडीच लिहिलं. ती वही बघायची, घाटाचा वेळ बघायची आणि तिच्या कपाळावर आठी पडायची.

"सर, टाइम खराब अन् नंबर तीन. म्हंजे तुमी जोर लावूनच नाही राह्यले. उद्या दोन वेळा चढा लागते."

मी मान डोलवायचो. तीन मिळालेल्याला जास्तीचा तास घ्यावाच लागतो, मीही तेच केलं असतं. दुसऱ्या दिवशी दोनदा चढायचो, पाय आणखी जड व्हायचे, मी आणखी कमी लिहायचो आणि ती आणखी वाढवायची. एखाद्या दिवशी सगळं छान जुळून यायचं, पाढा न तुटता मी वर पोचायचो, ऐटीत आठ लिहायचो. त्यावर ती म्हणायची, "आठ? बास मंग. उद्या आराम करजा." बक्षीस म्हणून सुटी देते, असं मला वाटायचं. मुलीला शिकवण्याची समज आहे, असंही वाटायचं.

एवढं उलटसुलट होऊनही मी सुधारत होतो, हे खरं आहे. बोटं कमी बधिर व्हायची. चढावर पायडलवर उभं राहायची सवय गेली. दर अर्ध्या तासाला गुळ-शेंगदाण्याचा लाडू खायचा, तहान लागायच्या आधी पाणी प्यायचं, पुढचा माणूस पुढं गेला तर जाऊ द्यायचा, हे सगळं तिनं माझ्या अंगात उतरवलं. कोणीतरी आपल्याकडं रोज बघतंय, एवढ्यानंच माणसाचं बरंच काही सरळ होतं. पुस्तकं वाचून मला ते जमलं नसतं. फक्त त्या सगळ्यात मी कुठं होतो ते विचारू नका.

शर्यतीच्या सकाळी मोताळ्यात धुकं होतं. शिट्टी झाली, तरुण पोरं सुटली, मी त्यांना जाऊ दिलं. राजूरला घाट लागला तसा तेराचा पाढा सुरू केला. मंदिर आलं. मंदिराच्या पुढचं ते वळण आलं, जिथं मी उतरलो होतो. पाढा चालू होता. बोटं बधिर झाली होती, ब्रेकवर आहेत की नाहीत ते बघून खात्री करावी लागत होती. शेवटच्या वळणावर कोणी नव्हतं. कठडा होता, कठड्यावर एक रिकामी पाण्याची बाटली होती. तिथून मी सायकलवर बसूनच गेलो. तेर नव्वे एकशे सतरा म्हणत गेलो. मनात काही आलं नाही. काम झालं, असं आलं असेल.

वर अश्विनी रस्त्याच्या मधोमध उभी राहून दोन्ही हात हलवत होती. "सर! उतरले नाही तुमी! उतरलेच नाही!" तिचे डोळे भरले होते. शेजारी तिचे वडील आले होते, भाजीच्या गाडीबरोबर. त्यांनी मला केळं दिलं आणि मुलीकडं बघून म्हणाले, "बरं शिकवलं वो यायले." तिला ते उन्हाळ्यापर्यंत पुरण्यासारखं होतं. मी कठड्यावर बसलो. तिनं लगेच वही काढली. नाक ओढत विचारलं, "दहापैकी किती?"

"नऊ," मी म्हणालो.

तिनं लिहिता लिहिता मान वर केली. "नऊ? पन तुमी तर मजेत केळं खाऊन राह्यले. नऊवाला मानूस असा बोलत नाही, सर. थो आडवा पडते."

"चांगलं झालं म्हणून नऊ. दहा मी कोणालाच देत नाही."

तिनं पेन मिटलं. वही छातीशी धरली.

"सर... तुमी मार्क देऊन राह्यले का?"

"मग काय द्यायचं असतं?"

"अरे बाप्पा! मंग थे तीनवाले दिवस?"

"वाईट गेले होते ते. फार वाईट."

"अन् मी दुसऱ्या दिवशी वाढवत होती! मले वाटे तुमी जोरच लावत नाही. सर, तुमी मेले असते ना! सांगतलं काऊन नाही?"

"मला वाटलं, नापास झालो म्हणून जास्तीचा तास."

ती हसत हसत खालीच बसली. तिचे वडीलही हसले, कशाला ते त्यांना माहीत नव्हतं. मीही हसलो असेन. मग तिनं वही माझ्या गुडघ्यावर उघडली आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून, मी तिला वर्गात समजावायचो त्याच सुरात, म्हणाली, "हे मार्क नाही, सर. हे त्रासाचं हाय. एक म्हंजे काईच त्रास नाही. दहा म्हंजे जीव जाते."

मी रकाना पाहिला. जानेवारीचं पान होतं. माझ्याच अक्षरात एकाखाली एक आकडे होते. सात. पाच. चार. तीन. अडीच.

बावीस वर्षं रत्नमाला माझ्यासमोर बसून दहापैकी किती हे मांडत होती. तिला त्या दोन शब्दांचा दुसरा अर्थ कोणी कधी शिकवला असेल? याले दोनच? बिचाऱ्याच्या घरी काई झालं असन. भिंतीकडे तोंड करून ती दोन म्हणाली, सिस्टरनं दोन लिहिलं, आणि मी खाली जाऊन ताक प्यालो.

खरं काय होतं ते मला माहीत नाही. सिस्टरनं पहिल्या दिवशी नीट समजावलं असेल, तिलाही नीट कळलं असेल. पण ते न सुटणारं गणित कठड्यावर बसल्या बसल्या सुटलं आणि उत्तर इतकं बरोबर येत होतं की मला ते खोडता येईना. तेवढ्यात ऊन कठड्यावर आलं. बोटांत रक्त परतायला लागलं. आधी मुंग्या आल्या, मग सुया, मग दहाही बोटं आतून पेटल्यासारखी झाली. मी हात काखेत दाबून धरले. तोंडातून आवाज निघाला तो मी ओळखला नाही.

अश्विनी हसायची थांबली. "सर? काय झालं? आता बराबर सांगा. आता किती?"

"दहा," मी म्हणालो.

ती घाबरली. "छातीत दुखते का? बाबा, पानी आना!" मी मान हलवून नाही म्हणालो. हात, एवढंच म्हणता आलं. तिनं माझे हात ओढून घेतले, मोजे काढले आणि शेतात काम केलेल्या त्या खरखरीत तळव्यांनी चोळत बसली. मी रडत होतो. येणारेजाणारे बघत होते. शर्यत पुरी करून रडणारी माणसं असतात, त्यामुळं कोणाला नवल वाटलं नाही.

तो दिवस सोडला तर बाकीचं पुन्हा पूर्वीसारखंच आहे. मी तिला दवाखान्याचं सांगितलेलं नाही. तिच्याकडं आता सहा जण शिकायला येतात, त्यात आमच्या शिक्षकांच्या खोलीतला तो चड्डीला नाव ठेवणाराही आहे. काल थंडीतला पहिला सराव झाला. नवी वही होती. मी धापा टाकत थांबलो आणि तिनं विचारायच्या आधीच सांगितलं, "चार."

तिनं पेन वहीवर टेकवलं, पण लिहिलं नाही. आता ती प्रत्येक वेळी हे करते, चिडवायला म्हणून.

"कोन्या बाजूनं, सर?"

मार्काच्या की त्रासाच्या, इतका सोपा प्रश्न. दोनच शब्द आहेत. मी रोज सकाळी त्या पलंगापाशी उभा असायचो, ते मी एकदाही विचारले नाहीत.